दिवा बंद होता

९ जानेवारी

चि. भिंग्या,

आशीर्वाद पाठवतेय. हवे असतील तर घे, नको असतील तर पाकिटातच राहू देत, त्यांना काही खायला-प्यायला लागत नाही. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून मी सगळ्या शहराचे फोन जोडून दिले. परक्यांची भांडणं जोडली, परक्यांची लग्नं जोडली, आणि माझा सख्खा भाचा माझा नंबर बघून फोन पालथा ठेवतो. बरं बाबा. पत्र निदान फाडायच्या आधी हातात तरी घ्यावं लागतं.

सरळच सांगते. तुझा बाप महिन्याभरापासून माझ्याकडे राहायला आलाय. पोटात गाठ आहे, ती पसरलीय, आणि कापण्यात अर्थ नाही असं डॉक्टर म्हणाले. "उन्हाळा बघतील असं धरून चालू नका," हे त्यांचे शब्द. तुझ्या बापानं ते ऐकलं आणि म्हणाला, "म्हणजे सत्कारापुरता सापडतो मी त्यांना." सुंभ जळला तरी पीळ जात नाही, दुसरं काय!

सत्काराचं तुझ्या कानावर आलंच असेल. संस्थेला एकदम त्याची आठवण झालीय. मार्चमध्ये समारंभ आहे आणि त्याच दिवशी त्याच्यावरचं पुस्तक निघणार आहे. 'काचेच्या धाग्याचा जनक' असं वर छापणार आहेत. मी म्हटलं, अरे वा, धाग्याचा जनक! पोटच्या पोराचा झाला असता तर जास्त बरं झालं असतं. पुस्तक लिहिणाऱ्या बाई दर मंगळवारी येतात, टेबलावर रेकॉर्डर ठेवतात आणि हा बोलत बसतो. खोटं कशाला बोलू, छान सांगतो. तीन मजल्यांना भोकं पाडून बांधलेली ती उंच खोली, वर भट्टी, खाली फिरणारा ड्रम, आणि वितळलेल्या काचेतून खाली उतरणारा केसासारखा धागा. पहिल्या धाग्यात एका टोकाला उजेड घातला तर टेबलाच्या दुसऱ्या टोकापर्यंतसुद्धा पोचला नाही. लोक हसले, म्हणाले, साहेब काचेचे केस पिकवतायत. हा म्हणाला, काच काळी नाही, काच घाण आहे. आणि पुढची कित्येक वर्षं नुसती काच स्वच्छ करत बसला. शेवटी अख्ख्या रिळाच्या पलीकडे उजेड निघाला, तेव्हा ते रीळ घरी घेऊन आला होता. स्वयंपाकघरात अंधार करून तुझ्या आईला दाखवलं, टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. तुझी आई म्हणाली, "एवढ्याशा उजेडासाठी रोज एवढा उशीर?" बाई खूप हसल्या. मीही हसले, आणि मग तुझी आई आठवली.

तर काल बाईंनी 'अपघात' नावाचं प्रकरण आणलं. याला चष्मा सापडेना, म्हणून मोठ्यानं वाचायचं काम माझ्याकडे आलं. काय छापलं जाणार आहे ते तुला कळायला हवं. लिहिलंय असं: धाग्याची परीक्षा घ्यायला जो नवा प्रकाश वापरत, तो डोळ्यांना दिसत नसे, पण डोळा जाळू शके. म्हणून साहेबांनी स्वतःच नियम घातला होता. धागा कापल्यावर त्याचं टोक भिंगाखाली बघायच्या आधी खोलीतल्या सर्वांत ज्येष्ठ माणसानं पेटीवरचा लाल दिवा बघायचा आणि मोठ्यानं 'बंद' म्हणायचं, बाकीच्यांनीही वळून बघायचं आणि 'बंद' म्हणायचं, मगच भिंग डोळ्याला लावायचं. त्या दिवशी साहेबांनी दिवा बघून 'बंद' म्हटलं. सहायकानं वळून न बघताच 'बंद' म्हटलं, नंतर पेटी त्याच्याच हातून चालू झाली असावी, आणि त्याचा उजवा डोळा गेला. नियमाचं महत्त्व यावरून कळतं.

सहायक! आडनावसुद्धा नाही घातलं, कारण मग तेच आडनाव पुस्तकावर आहे हे लोकांना दिसलं असतं.

मी कागद खाली ठेवला आणि विचारलं, "हे असंच जाऊ द्यायचं?" तो म्हणाला, "चौकशीत जे ठरलं ते ठरलं, ताई. दिवा बंद होता."

मी तुमच्या दोघांवरही चिडलेय. त्याच्यावर जास्त. पण माणूस मरायला टेकलाय आणि तुझं नाव काढत नाही, फक्त दाराकडे तोंड करून बसतो. तू ये. भांडायला ये, पण ये.

तुझी आत्या


२ फेब्रुवारी

भिंग्या,

तुझं कार्ड आलं. अकरा वर्षांनी एक ओळ. 'दिवा चालू होता. एवढंच त्यांना वाचून दाखव.' आत्या कशी आहेस, गुडघे कसे आहेत, काही नाही. बापाचाच मुलगा तू!

वाचून दाखवलं. त्यानं कार्ड हातात मागितलं, अंगठ्यानं चाचपलं आणि खिशात ठेवलं.

आज सकाळी जे झालं ते जसंच्या तसं लिहिते. मी दूध तापवून पातेलं उतरवलं, तेवढ्यात औषधवाला आला. सही करता करता आतल्या खोलीकडे ओरडले, "अरे, गॅस बंद आहे का बघ रे!" तो उठला, स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला, शेगडीकडे सरळ बघितलं आणि म्हणाला, "बंद." खणखणीत आवाजात. मी आत येऊन बघते तर मोठी शेगडी भडाभडा जळतेय. त्याच्या समोर, हातभर अंतरावर.

मी म्हटलं, "हे काय आहे?" त्यानं पुन्हा सरळ बघितलं. "काय?" म्हणाला. मग आच लागली असावी, कारण त्यानं हात पुढे केला आणि मान खिडकीकडे वळवली. खिडकीकडे बघत राहिला, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला शेगडी दिसली. त्याचा चेहरा मी बघितला. मला तेव्हाच कळलं.

तरी खात्री करायला हवी होती. त्याच्या समोर जाऊन उभी राहिले आणि जीभ काढून दाखवली. पंचाहत्तरीची बाई भावाला जीभ काढून वेडावतेय आणि तो म्हणतो, "ताई, चहा टाकतेस का?"

चष्मा सापडत नाही म्हणे! आल्या दिवसापासून तो कपाच्या बाहेर चहा ओततोय. माणूस बोलल्याशिवाय त्याला ओळखू येत नाही. माझ्याशी बोलताना माझ्या कानापलीकडच्या भिंतीकडे बघतो, आणि मी समजत होते की मोठेपणानं मान ताठ झालीय. एक्स्चेंजमध्ये मी आवाजावरून माणूस ओळखायची, पण हा घरात वावरतो आणि मला दोन महिने पत्ता नाही.

आज त्याच्याशी काही बोलले नाही. उद्या बोलेन.

आत्या


४ फेब्रुवारी

भिंग्या, बसून वाच.

बोलले त्याच्याशी. दार लावून घेतलं, रेडिओ बंद केला आणि म्हटलं, आता तू मूग गिळून बसलास तर मी तुला त्या संस्थेच्या दारात सोडून येईन, जनक म्हणून सांभाळा म्हणावं. मग बोलला.

दोन्ही डोळ्यांच्या बरोब्बर मधोमध डाग आहेत. जुने. नियम व्हायच्या आधीच्या काळात, त्या न दिसणाऱ्या प्रकाशाचं पाणी किती खोल आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, तेव्हा हा दिवसच्या दिवस भिंग लावून बसायचा. एक डोळा दमला की दुसरा. दुखत नाही म्हणे, काही कळत नाही. आणि ऐक, डाग काळा दिसत नाही. मेंदू तो बुजवून टाकतो. मागे भिंत असेल तर भिंतच दिसते. दिवा जातो आणि भिंत राहते. तुझ्या एका डोळ्याला हे कळत असेल, पण तुझा दुसरा धड आहे.

म्हणजे त्या दिवशी त्यानं पेटीकडे बघितलं तेव्हा त्याला खरंच दिवा दिसला नाही, आणि तू त्याच्या शब्दावर विसंबून वळलाच नाहीस. चौकशीत तो खोटं बोलला नाही. इतकं मी त्याच्या बाजूनं लिहिते. पुढचं लिहिणार आहे ते त्याच्या बाजूचं नाही.

मी विचारलं, "तुला हे कधी कळलं?"

"तो गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी. अक्षरं तुटायला लागली म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. तो म्हणाला, तुमच्या समोरचा छोटा दिवा तुम्हाला दिसणार नाही, आणि दिसत नाही हेही कळणार नाही."

"मग?"

"खुर्चीतच कळलं सगळं, ताई."

"मग?"

"मग घरी आलो."

घरी आला! भिंग्या, नऊ वर्षं झाली त्याला. नऊ वर्षं याला ठाऊक आहे की तू खरं बोलत होतास. चौकशीनं तुझी नोकरी घेतली, तुझ्या क्षेत्रात कुणी तुला दारात उभं केलं नाही, तू परक्या देशात दुकानात चष्म्याच्या काचा घासतोस, आणि याला माहीत आहे! मी हातातला पेला आपटला. फुटला. काच गोळा करायलाही तो वाकू शकला नाही, मीच केली.

का बोलला नाहीस, तर आधी म्हणाला की समुद्राखालच्या तारेचं काम तोंडावर होतं. मग म्हणाला, पत्र लिहायला बसलो तर ओळ दिसेना, आणि दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं तर त्याला सगळं सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, फोन? "तो उचलत नव्हता." मी म्हटलं, पहिली तीन वर्षं उचलत होता, माझ्याशी बोलत होता, खोटं माझ्यासमोर खपणार नाही. तेव्हा कुठे खरं आलं. म्हणाला, "आंधळ्या माणसाला प्रयोगशाळेत कोण ठेवतं गं?"

बास. एवढंच होतं त्याच्याकडे. दिव्याखाली अंधार ही म्हण मी आता आयुष्यात वापरणार नाही.

आणखी एक. चौकशीच्या खोलीबाहेर बाकावर मी होते. तू त्याला अडवून म्हणालास, "माझ्या डोळ्यांत बघून सांगा." आणि त्यानं मान फिरवली. तू तिथून निघून गेलास, तो आजतागायत. मी त्याला काल त्याबद्दलही विचारलं. म्हणाला, "मान फिरवल्याशिवाय मला त्याचा चेहरा दिसला नसता. मी बघत होतो त्याच्याकडे. पट्टी बांधली होती त्यानं, आणि पट्टीखालून पाणी येत होतं."

हे वाचून तुला काय वाटेल मला माहीत नाही. मला त्याचा राग येतोय आणि रात्रीचं जेवणही भरवायचंय.

आत्या


११ मार्च

भिंग्या,

झाला सत्कार, आठवडा होत आला.

त्यानं मला शब्द दिला होता. भाषणात सांगतो म्हणाला, सगळ्यांसमोर, चौकशी केलेल्यांसमोर. चार वाक्यं पाठ करून घेतली होती मी त्याच्याकडून. शाळेतल्या पोरासारखी आंघोळ घालताना म्हणून घेत होते. पुस्तक छापून झालंय, त्यात आता बदल होणार नाही असं बाई म्हणाल्या, म्हणून भाषणात तरी.

चाकाच्या खुर्चीवरून त्याला मंचावर नेलं. समोर त्याच्याच धाग्यांचा एक झुबका लावला होता, टोकं चमकत होती. लोक उठून उभे राहिले. टाळ्या थांबेचनात. मी पहिल्या रांगेत होते, आणि मला दिसत होतं की याला त्या टाळ्या आवडतायत. भिंग्या, मरणाच्या दारातसुद्धा आवडत होत्या. तो माइकपाशी म्हणाला, "मी आपला ऋणी आहे. काच कधीच काळी नव्हती." आणि थांबला. मी मनात म्हणतेय, बोल रे, बोल. त्यानं मान वळवली, माझ्याकडे बघायला असणार, आणि म्हणाला, "धन्यवाद."

घोडं ऐन वेळी पेंड खातं ते असं.

घरी आल्यावर रडला. तुझी आई गेली तेव्हा रडला नव्हता तेवढा. म्हणाला, "ताई, मला हे त्यांना सांगायचंच नाहीये. मला त्यालाच सांगायचंय." मी म्हटलं, ते तुझ्या सोयीचं आहे. तो म्हणाला, असेल.

तेव्हापासून रोज चाललंय. मला समोरच्या खुर्चीत बसायला लावतो, तुझ्या जागी. मग मान जरा डावीकडे वळवतो आणि म्हणतो, "दिवा चालू होता. तू बरोबर होतास. मला नऊ वर्षं माहीत होतं." शेवटचं वाक्य तो आधी गाळायचा. आता गाळत नाही. मी तू होऊन त्याला कधी शिव्या देते, कधी गप्प बसते, कारण तू काय करशील हे आम्हाला दोघांनाही माहीत नाही.

भरवसा ठेव असं मी म्हणत नाही. कानाला खडा लावलाय मी. पण एकदा येऊन बस त्या खुर्चीत.

आत्या


२३ मार्च

भिंग्या,

तुझं पत्र पोचलं. मोठं पत्र, चार पानी! तीन पानांवर त्याला जे म्हटलंयस ते मी वाचून दाखवलं नाही. तू समोर बसून म्हण. शेवटी 'शुक्रवारी पोचतो' एवढं लिहिलंयस, ते वाचलं. दोनदा वाचायला लावलं त्यानं.

परवापासून त्याला हॉस्पिटलात ठेवलंय. पाणी उतरवलं पोटातलं, औषधांनी गुंगी असते, पण बोलतो. दर थोड्या वेळानं विचारतो, आज शुक्रवार का? दाढी करून घेतली. दिवसभर दारावरच्या उजेडाकडे तिरकं बघत पडून असतो.

हे तुला निघायच्या आधी मिळेल का, ठाऊक नाही. पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही. सांभाळून ये.

आत्या


६ एप्रिल

भिंग्या,

फोनवर मी तुला एवढंच सांगू शकले की तो गेला. आणि तू म्हणालास, "मग आता येऊन काय करू?" आणि ठेवलास. एवढ्या वर्षांनी फोन उचललास, आणि माझ्याकडे द्यायला तेवढंच होतं. तिकीट परत केलंस हेही समजलं. तुला दोष देत नाही. पण तुला एक गोष्ट कळायला हवी, आणि ती मी फोनवर बोलू शकले नसते.

गुरुवारी दुपारी मी खाली चहा प्यायला गेले होते. वर आले तर हा उशीला टेकून बसलेला, गाल ओले, आणि चेहरा इतका मोकळा की मला वाटलं बरा होतोय. म्हणाला, "ताई, एक दिवस आधीच आला. सांगितलं मी त्याला. तिन्ही वाक्यं सांगितली."

मला क्षणभर खरंच वाटलं की तू आलास. धावत बाहेर गेले, लिफ्टपर्यंत गेले. कुणी नव्हतं. जिन्यापाशी वॉर्डमधला तो उंच मावशा उभा होता, मावशीचं काम करतो म्हणून सगळे त्याला तसंच म्हणतात, पन्नाशीचा, कमी बोलणारा. ड्यूटी संपवून घरचे कपडे घातलेले, खांद्याला बॅग. मला बघून कावराबावरा झाला.

म्हणाला, "मी नुसता निरोप घ्यायला डोकावलो हो. त्यांनी हात धरला. 'आलास?' म्हणाले. मी काही बोलणार तर ते सांगायलाच लागले. दिवा चालू होता म्हणाले. तू बरोबर होतास म्हणाले. मला काय कळणार, पण एवढं कळलं की मुलाशी बोलतायत. मध्ये थांबवायचं कसं?"

मी विचारलं, "आणखी काय म्हणाले?"

"म्हणाले, राग आहे का अजून?"

"मग?"

तो बराच वेळ बॅगेचा पट्टा ओढत राहिला. मग म्हणाला, "मी म्हटलं, नाही बाबा, गेला राग. चुकलं का माझं, आजी?"

आत आले. भावाच्या उशाशी बसले. तो म्हणाला, "जाड झालाय गं. हात खरखरीत झालेत. काचेच्या कामानं होतात." मी हो म्हटलं. पहाटे गेला. शुक्रवारच होता.

भिंग्या, मी त्याला खरं सांगितलं नाही. सांगता आलं असतं, संध्याकाळभर शुद्धीत होता. जो माणूस आपल्या मुलाचं खरं नऊ वर्षं दाबून बसला, त्याला खोट्यावर मरू दिलं मी. त्याची एवढी तरी लायकी होती का, याचा हिशेब माझ्याच्यानं होत नाही.

तर झालंय ते असं. ज्या शब्दांसाठी तू अकरा वर्षं थांबलास, ते एका परक्या माणसाच्या पदरात पडले. आणि जी माफी फक्त तुझी होती, ती तुला न विचारता तुझ्या नावानं देऊन टाकली गेली. ती परत घ्यायची असेल तर घे. तुझा हक्क आहे, आणि मी त्या मावशाला काही कळू देणार नाही.

तुझी ती तीन पानं माझ्याकडे आहेत, वाचून न दाखवलेली. टाकून देणार नाही. तो बसायचा त्याच्या समोरची खुर्ची अजून तिथेच आहे. तू ये आणि ती पानं मोठ्यानं वाच, एकही शिवी न गाळता. मी त्याच्या जागी बसेन. माझे डोळे अजून धड आहेत, तुझ्या तोंडाकडे बघून ऐकेन.

तुझी आत्या